हेल्प की असिस्ट? कोणतं क्रियापद कुठे वापरायचं

इंग्रजीत अर्ज किंवा ईमेल लिहिताना 'हेल्प' फारच साधं वाटतं, म्हणून अनेकजण 'असिस्ट' लिहितात. शंका असेल तिथे 'हेल्प'च लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

'हेल्प' जुन्या इंग्रजीतलं, रोजच्या बोलण्यातलं. मैत्रीण हेल्प करते, तशी पुरेशी झोपही हेल्प करते. 'असिस्ट' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलं. मूळ अर्थ जवळ उभं राहणं, आणि त्याची छटा अजून टिकून आहे: मुख्य काम दुसऱ्याचं, तुमचा हातभार. शस्त्रक्रिया सर्जन करतो, दुसरा डॉक्टर त्याला असिस्ट करतो. त्यामुळे बायोडेटात 'असिस्टेड' वाचलं की समोरचा तुम्हाला दुय्यम भूमिकेत धरतो. काम तुम्हीच केलं असेल तर दोन्ही शब्द सोडा आणि 'डिझाइन्ड', 'मॅनेज्ड' असं थेट लिहा. ही गोष्ट खरंच महत्त्वाची आहे. स्वतःची मेहनत अशी कमी करून सांगू नये.

रचनेतही 'हेल्प' सोपं. 'शी हेल्प्ड मी फिनिश द रिपोर्ट' आणि 'शी हेल्प्ड मी टू फिनिश द रिपोर्ट', दोन्ही बरोबर. 'टू' गाळलेलं रूप जास्त ऐकू येतं. कर्मणी प्रयोगात मात्र 'टू' हवाच: 'ही वॉज हेल्प्ड टू स्टँड'. 'असिस्ट'नंतर सहसा 'इन' किंवा 'विथ' येतं: 'शी असिस्टेड मी इन फिनिशिंग द रिपोर्ट'.

आपली हमखास चूक म्हणजे 'ही हेल्प्ड टू मी'. 'मला मदत केली' यातला 'ला' इंग्रजीत 'टू' होऊन घुसतो. तिथे नुसतं 'हेल्प्ड मी' पुरतं.

काही ठिकाणी 'असिस्ट' चालतच नाही. 'आय कान्ट हेल्प लाफिंग' म्हणजे मला हसू आवरत नाही. जेवताना 'हेल्प युअरसेल्फ' म्हणजे हवं ते वाढून घ्या.

'एड' म्हणजेही मदत करणं, पण ते क्रियापद म्हणून कायद्याच्या किंवा वैद्यकीय लेखनात शोभतं, बोलताना जड वाटतं. 'सपोर्ट'चा अर्थ वेगळा: पाठीशी उभं राहणं, भार उचलणं. 'शी हेल्प्स हर पेरेंट्स' म्हणजे ती आईवडिलांना कामात किंवा पैशांत हातभार लावते. 'शी सपोर्ट्स हर पेरेंट्स' म्हटलं की बहुतेक वेळा त्यांचा खर्च ती चालवते, असा अर्थ घेतला जातो.