इंग्लंडच्या थंडीत केळ, ताड आणि सोनटक्का : कशावर पैसे घालावेत?

इंग्लंडमध्ये बागेसकट घर घेतलं की पहिल्या मे महिन्यात एक गोष्ट हमखास होते. माणूस गार्डन सेंटरला जातो लॉनचं खत आणायला, आणि परत येतो मागच्या सीटवर केळ आडवी घालून. मीही आणली. लेबलवर 'हार्डी' छापलेलं होतं, पानं हिरवीगार होती, सप्टेंबरपर्यंत ती माझ्या डोक्यावर गेली. नोव्हेंबरातल्या एका रात्रीत तिची उकडलेली पालेभाजी झाली.

लेबल खोटं नव्हतं, अर्धवट होतं. काटक होता तो जमिनीखालचा कंद. वरचं सगळं भाड्याचं.

बाग सुरू करायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी राहतो मिडलंड्समध्ये, म्हणजे या देशात समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं जवळजवळ. कॉर्नवॉलला किंवा मध्य लंडनमध्ये राहणाऱ्यांनी माझ्या प्रत्येक वाक्यातून थंडीचे दोन-तीन अंश वजा करावेत. स्कॉटलंडवाल्यांनी तितकेच मिळवावेत.

आधी हिवाळ्याचं

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. निफाडला पारा उतरला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. म्हणजे थंडी ही आपल्या डोक्यात एक-दोन रात्रींची बातमी असते. इथेही बहुतेक वर्षी तसंच वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. लागोपाठ सात-आठ हिवाळे सौम्य गेले की माणूस धीट होतो, मोठी आणि महाग झाडं जमिनीत लावतो. मग एक डिसेंबर येतो.

२०१०चा डिसेंबर तसा होता. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९पासून आहेत, आणि त्यांत १८९०नंतर इतका थंड डिसेंबर झालेला नव्हता. उत्तर आयर्लंडमध्ये कासलडर्गला पारा उणे १८.७पर्यंत गेला, तो तिथला विक्रम. त्याआधीच्या वर्षांत ज्यांनी हौसेने विदेशी झाडांच्या बागा उभ्या केल्या होत्या, त्यांच्या बोलण्यात आजही 'दहाच्या आधी' आणि 'दहाच्या नंतर' अशी काळाची विभागणी ऐकू येते. आधीचा माणूस विचारायचा, "हे किती मोठं होतं?" नंतरचा विचारतो, "हे उणे कितीला मेलं?"

सुरक्षित म्हणावी अशी जागाही नाही. कॉर्नवॉलपलीकडच्या सिली बेटांवरची ट्रेस्को ॲबी गार्डन ही १८३४पासूनची बाग, गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाच्या ऊबेवर वाढलेली. जानेवारी १९८७मध्ये तिथे बर्फ पडलं आणि बहुतेक नाजूक झाडं गेली. तीन वर्षांनी, जानेवारी १९९०च्या वादळाने वारा अडवणारी उंच झाडंही आडवी केली. अलीकडचं उदाहरण २०२२चं. जुलैत लिंकनशरमध्ये कनिंग्सबीला ४०.३ अंश, या देशाचा उच्चांक. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दीड आठवडा कडक गोठण. उन्हाळ्याने सुकलेली झाडं थंडीने संपवली.

म्हणून झाड निवडताना सरासरी हिवाळा डोळ्यांसमोर ठेवू नका, दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणारा ठेवा. तुमचं झाड तोवर जगलं तर त्याला कधीतरी भेटणारच आहे.

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची काटकपणाची श्रेणी इथे कामाची आहे. एच१पासून एच७पर्यंत जाते, आकडा मोठा तितकं झाड टणक. एच३ म्हणजे उणे ५पर्यंत, एच४ उणे १०पर्यंत, एच५ उणे १५पर्यंत. अमेरिकन झोनच्या नकाशावर मात्र फार विसंबू नका. त्या हिशोबाने इंग्लंडचा मोठा भाग टेक्सासच्या आणि उत्तर फ्लोरिडाच्या पंक्तीला बसतो, कारण तो नकाशा फक्त हिवाळ्यातली नीचांकी रात्र मोजतो. तिथला उन्हाळा इथे कुठून आणणार? उन्हात खोड पक्कं झालेलं नसेल तर तेच झाड कमी थंडीत मरतं. शिवाय एच-श्रेणी असो की झोन, ओल कोणीच मोजत नाही. इथे झाडं नुसत्या थंडीने कमी आणि थंड चिखलाने जास्त मरतात.

ताड : ट्रॅकिकार्पस की कॉर्डिलाइन?

दुकानात ही दोन्ही 'पाम' म्हणून शेजारी उभी असतात. पहिला खरा ताडकुळातला. मूळचा चीनचा, रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४९मध्ये इंग्लंडला पाठवला, त्याचंच नाव झाडाला चिकटलं : ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. दुसरी, कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिस, न्यूझीलंडची, आणि ताड अजिबात नव्हे. दक्षिण डेव्हनच्या किनाऱ्यावर इतकी लावली गेली की 'टॉर्बे पाम' हेच तिचं इथलं नाव पडलं. समुद्रकाठच्या पोस्टकार्डांवर दिसते ती हीच.

कॉर्डिलाइन स्वस्त, भराभर वाढणारी, वाऱ्याला न घाबरणारी. ट्रॅकिकार्पस महाग, पहिली काही वर्षं हलायलाही तयार नसलेला, आणि उघड्या जागी वाऱ्याने त्याच्या पंख्यांच्या चिंध्या होतात. दुकानात उभं राहून पाहिलं तर कोणीही कॉर्डिलाइनच उचलेल.

पण ती एच३ आणि तो एच५. २०१०च्या डिसेंबरनंतर देशभर घरांसमोरच्या जुन्या, छपरापर्यंत गेलेल्या कॉर्डिलाइन वसंतात हाताने दाबल्या तर खोड मऊ लागायचं. ट्रॅकिकार्पस बहुतेक ठिकाणी पानांचे शेंडे करपून उभे राहिले. कॉर्डिलाइनच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी : ती वरून मेली तरी मुळातून पुन्हा फुटते. अनेकांनी एप्रिलमध्येच कुऱ्हाड घातली, जून-जुलैपर्यंत थांबले असते तर बुंध्याशी पाच-सहा कोंब दिसले असते. मात्र एका सोटाच्या जागी झुडूप मिळतं. पूर्वीचं रूप परत येत नाही.

कॅनरी बेटांचा खजूर, फिनिक्स कॅनॅरिएन्सिस, दिसायला या दोघांपेक्षा देखणा. लंडनमध्ये तो रस्त्याकडेला वाढलेला दिसतो आणि पाहणारा मोहात पडतो. शहराची ऊब त्याला राखते. आमच्यासारख्यांनी तो कुंडीतच ठेवावा, किंवा नुसता पाहून यावा.

बागेत एकच झाड कायमचं लावायचं असेल तर माझं मत ट्रॅकिकार्पसला. भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला, निचरा असलेल्या जागी. हिवाळ्यानंतर मधला पोंगा हलकेच ओढून पाहा. हातात आला तर शेंडा कुजतोय. कोकणात नारळाचा कोंब कुजतो तसंच. कुजकं काढून जागा कोरडी ठेवा आणि उन्हाळाभर वाट पाहा, बरेचदा आतून नवं पान येतं.

केळ : बास्जू की एन्सेट?

खायची केळ विसरा. इथे उघड्यावर घड धरण्याइतकी ऊब सलग मिळत नाही. केळ लावायची ती पानांसाठी.

म्युसा बास्जूला 'जपानी केळ' म्हणतात, जरी ती मुळात चीनची आहे. जपानी हायकूकार बाशो गमतीने नव्हे, खरोखरच तिच्यावरून ओळखला गेला : त्याच्या झोपडीपाशी शिष्याने ही केळ लावून दिली आणि त्याने 'बाशो' हेच नाव घेतलं. तिचा कंद जमिनीत आच्छादनाखाली बरीच थंडी सोसतो. श्रेणीत ती एच२, म्हणजे आकड्यावरून भित्री वाटते, कारण पानं आणि खोड खरंच भित्री आहेत. खोड वाचवलंत तर पुढच्या वर्षी तिथूनच वाढ पुढे सुरू होते आणि दोन-तीन वर्षांत केळ माणसाच्या दीडपट होते. नाही वाचवलंत तर मे महिन्यात जमिनीतून मुनवे, म्हणजे कंदाचे नवे कोंब, येतात आणि सप्टेंबरपर्यंत माणसाएवढी होतात. म्हणजे बास्जूच्या बाबतीत कडक हिवाळ्याने नुकसान होतं ते उंचीचं.

खोड वाचवायची रीत सोपी पण कंटाळवाणी. पहिल्या फ्रॉस्टने, म्हणजे गोठलेल्या दवाने, पानं काळी पडली की ती कापायची. खोडाभोवती कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा उभा करायचा, त्यात कोरडा पेंढा दाबून भरायचा, वरून पाऊस आत जाणार नाही असं झाकण. पेंढा भिजला तर पांघरुणाचंच कारण होऊन खोड आतून सडतं. पूर्ण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं सर्वांत वाईट. ईस्ट ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या प्रसिद्ध बागेत बागकाम-लेखक ख्रिस्तोफर लॉइड यांनी माळीप्रमुख फर्गस गॅरेट यांच्यासोबत १९९३मध्ये जुनी गुलाबाची बाग उपटून विदेशी बाग केली. केळ गुंडाळण्याच्या या खटाटोपाला तिथेही पर्याय नव्हता.

एन्सेट ही केळीच्याच कुळातली, पण ती, त्यातही तांबड्या पानांचा 'मॉरेली', हे प्रकरण निराळं. इथिओपियाच्या दक्षिणेत एन्सेटचा कंद लोकांचं मुख्य अन्न आहे, इथे ती निव्वळ शोभा. शोभा मात्र अशी की शेजारी कुंपणावरून वाकून विचारतात. एका उन्हाळ्यात बास्जूपेक्षा कितीतरी भारदस्त दिसते. पण तिला मुनवे येत नाहीत. गोठली की संपली. ऑक्टोबरात उकरायची, मधलं एक पान ठेवून बाकीची कापायची, माती झटकायची, खोडातलं पाणी निथळायला दोन-चार दिवस उलटी ठेवायची आणि गोठणार नाही अशा कोरड्या जागी मार्च-एप्रिलपर्यंत जवळजवळ पाण्याविना ठेवायची.

तेव्हा प्रश्न झाडाचा कमी आणि तुमच्या गॅरेजचा जास्त. कोरडी, न गोठणारी जागा असेल तर एन्सेट. नसेल तर बास्जू. ज्यांना नोव्हेंबरात बाहेर पाऊलही टाकवत नाही त्यांनी बास्जू लावावी, बुंध्यावर जाड आच्छादन टाकावं आणि उंचीचा नाद सोडावा. गणपतीत तिची पानं ऐन भरात असतात. नैवेद्याला पान आणि सत्यनारायणाला चार खांब घरचे मिळतात, हा मुद्दा इंग्रजी बागकामवाल्यांच्या तुलनेत कधीच येत नाही.

ट्री फर्न

थोडक्यात : नको. ट्री फर्न म्हणजे झाडासारखं खोड असलेलं नेचं. त्यातलं डिक्सोनिया अंटार्क्टिका खोडाच्या फुटावर विकतात, आणि खोड वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढतं. म्हणजे एका फुटाला दहा-बारा वर्षं. केळ मेली तर एक उन्हाळा जातो, हा मेला तर दशकं जातात. शेंड्यात पेंढा कोंबून, झावळ्या वर बांधून तो वाचवता येतो, पण एका वर्षी विसरलात की झालं. पश्चिम किनाऱ्याच्या ओल्या, सौम्य हवेत राहत असाल तर वेगळी गोष्ट.

सोनटक्का : आपला की हिमालयातला?

इथे माझं मन आणि माझी अक्कल यांचं जमत नाही. आपला पांढरा सोनटक्का, हेडिचियम कोरोनेरियम, इथे जमिनीत लावला तर पानं देतो, पण फुलायला त्याला लांब, उबदार शरद हवा आणि त्याआधीच फ्रॉस्ट येते. पिवळा हिमालयी हेडिचियम गार्डनेरियानम ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो, लांब तुरा, बाहेर डोकावणारे केशरी पुंकेसर, वासही छान. कंदावर जाड आच्छादन ठेवलं तर सौम्य भागात जमिनीत राहतो.

वास छान आहे, पण तो वास नाही. म्हणून पिवळा जमिनीत आणि पांढरा कुंडीत, काचघरात किंवा उन्हाच्या खिडकीत. कर्दळ मात्र निर्धास्त लावा. हलक्या जमिनीत आच्छादनाखाली कंद टिकतात, भारी मातीत उकरून ठेवावे लागतात. अळू आणि कढीपत्ता कायम कुंडीत, सप्टेंबर संपायच्या आत घरात. हिवाळ्यात कढीपत्त्याची पानं गळतात, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. बहुतेकांचा कढीपत्ता थंडीने नाही, या काळजीच्या पाण्याने मरतो. आणि गावाहून येताना बॅगेत कंद किंवा रोप घालू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आणता येत नाही.

एकदम सगळं घेऊ नका. पहिल्या वर्षी ट्रॅकिकार्पस, बास्जू आणि कर्दळ. पहिला हिवाळा पाहा : पाणी कुठे साचतं, कोणत्या कोपऱ्यात फ्रॉस्ट दुपारपर्यंत वितळत नाही, नोव्हेंबरातल्या शनिवारी तुमची स्वतःची किती इच्छाशक्ती उरते. एन्सेट, पिवळा सोनटक्का दुसऱ्या वर्षी.

माझ्याकडे सध्या एक ट्रॅकिकार्पस, तीन बास्जू आणि दोन एन्सेट आहेत. एन्सेट, पांढऱ्या सोनटक्क्याची कुंडी आणि अळूचे कंद हिवाळाभर गॅरेजमध्ये असतात. गाडी बाहेर. रोज सकाळी तिच्या काचेवरचं बर्फ मी खरवडतो, आणि ते पाहून बायको दर वर्षी एकच प्रश्न विचारते, ज्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.