पिप आणि केअरर्स अलाउन्स: दोन्ही घेणाऱ्या घरातून एक रिव्ह्यू

यूकेतल्या आपल्या लोकांनी शाळांचे, सॉलिसिटरचे, केटरिंगवाल्यांचे रिव्ह्यू भरपूर लिहिलेत, पण पिप घेतो असं कोणी चारचौघात सांगत सुद्धा नाही, रिव्ह्यू तर लांबच. म्हणून लिहितेय. माझ्या नवऱ्याला एमएस आहे (मल्टिपल स्क्लेरॉसिस) आणि त्याचं सगळं बघणारी मी. त्याला पिप मिळतं, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजारी-अपंग माणसासाठीचा सरकारी भत्ता, आणि मला केअरर्स अलाउन्स, म्हणजे सांभाळणाऱ्याचा भत्ता. स्टार द्यायचेच तर पिपच्या पैशाला पाचपैकी चार, तो मिळवायच्या प्रोसेसला एक, आणि केअरर्स अलाउन्सला दोन.

आधी गैरसमज काढून टाकते. पिप हा बेकारभत्ता नाहीये. तो २०१३ मध्ये जुन्या डीएलएच्या (डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स) जागी आला, १६ वर्षांपासून स्टेट पेन्शनच्या वयापर्यंतच्या लोकांसाठी आहे आणि तुमचं उत्पन्न, सेव्हिंग, नवरा-बायकोचा पगार यातलं काहीही त्यात बघत नाहीत. नोकरी करत असाल तरी मिळतो. आजारपणामुळे जो जास्तीचा खर्च होतो, टॅक्सी, हीटिंग, बाथरूममधले बार, तयार कापलेल्या भाज्या, त्यासाठी तो आहे. दोन भाग असतात, डेली लिव्हिंग आणि मोबिलिटी. २०२५-२६ मध्ये आठवड्याचे दर असे होते, डेली लिव्हिंग ७३.९० किंवा ११०.४० पाउंड आणि मोबिलिटी २९.२० किंवा ७७.०५ पाउंड. एका भागात ८ पॉइंट झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव.

आता फॉर्म. जाडजूड आहे, भरून परत पाठवायला एक महिना मिळतो, आणि त्यात १२ कामांबद्दल विचारतात, जेवण बनवणं, खाणं, अंघोळ, कपडे, टॉयलेट, बोलणं, वाचणं, लोकांत मिसळणं, पैशाचे निर्णय, औषधं, प्रवासाचं प्लॅनिंग आणि चालणं. आजाराचं नाव काय याला पॉइंट नसतात, त्या आजाराने काय करता येत नाही याला असतात, हे आधी डोक्यात बसवा नाहीतर हॉस्पिटलच्या रिपोर्टचा गठ्ठा जोडून लोक निर्धास्त होतात आणि शून्य पॉइंटचं पत्र येतं. आणि नियमात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. एखादं काम "करता येतं" असं तेव्हाच धरायचं जेव्हा ते सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येतं, म्हणजे धडधाकट माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ते करता येत नाही असंच धरतात. एमएससारख्या आजारात एक दिवस बरा आणि तीन दिवस वाईट असं असतं, तर तिथे निम्म्याहून जास्त दिवस काय परिस्थिती असते ते बघतात. म्हणून बऱ्या दिवसाचं वर्णन लिहून येऊ नका.

आपली अडचण नेमकी इथेच होते. आपल्याकडे कोणी कसे आहात विचारलं की मजेत, छान चाललंय, एवढंच बोलायची सवय असते, दुखणं चव्हाट्यावर मांडायचं नाही हे लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि हा फॉर्म तर अनोळखी माणसाला तुमच्या संडास-बाथरूमचं सविस्तर सांगायला लावतो. नवऱ्याने टॉयलेटचं पान भरताना पेन खाली ठेवलं होतं. ते पान शेवटी मी लिहिलं, तो खिडकीबाहेर बघत उत्तरं देत होता.

असेसमेंट फोनवर झाली. ती खाजगी कंपन्या करतात, नाव घेत नाही. स्वयंपाकाचं विचारल्यावर नवरा म्हणाला, हो, चहा करतो की मी. खोटं नाही ते. पण तो चहा कसा होतो ते मला माहितीये, किटली अर्धीच भरायची, दोन्ही हातांनी धरायची, ओट्याला कंबर टेकवून उभं राहायचं, दूध मी आधीच बाहेर काढून ठेवलेलं असतं, आणि झालेला चहा तिथेच उभ्याने प्यायचा कारण भरलेला कप घेऊन खुर्चीपर्यंत जाता येत नाही, मग त्यानंतर तासभर आडवं पडायचं. रिपोर्टमध्ये काय आलं, तर गरम पेय स्वतः बनवतात, साधं जेवण बनवण्यात अडचण नसावी. बोलणं स्पष्ट होतं असंही लिहिलेलं, जणू जीभ चालते म्हणजे पाय पण चालत असणार. वाचून मला रडू आलं, त्याला नाही आलं, तो म्हणाला जाऊदे, नको आपल्याला.

जाऊदे म्हणू नका हे सांगण्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच आहे. निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत मँडेटरी रिकन्सिडरेशन मागायचं, म्हणजे निर्णय पुन्हा तपासा म्हणायचं. आमचा तिथेही बदलला नाही. मग ट्रिब्युनल. नाव ऐकून कोर्टकचेरी वाटते पण एक पैसा फी नाही, वकील लागत नाही, आणि ते स्वतंत्र असतं. समोर तिघं असतात, एक जज, एक डॉक्टर आणि एक अपंगत्वाचा अनुभव असलेली व्यक्ती. तिथल्या डॉक्टरबाईंनी नवऱ्याला विचारलं, चहा पिऊन झाल्यावर तुम्ही काय करता? इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला आणि तो बोलायला लागला, थांबला नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. ट्रिब्युनलपर्यंत जी प्रकरणं जातात त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त निकाल अर्जदाराच्या बाजूने लागतात आणि हे सरकारच्याच आकड्यांत दिसतं, मग पहिल्या पायरीवर हे का होत नाही याचा मला अजून राग येतो, कारण जे मधेच थकून सोडून देतात ते सगळे आजारी लोक असतात.

एक सल्ला, असेसमेंटचा रिपोर्ट निर्णयाआधी सुद्धा फोन करून मागता येतो, आणि कॉलचं रेकॉर्डिंग हवं असेल तर आधी सांगावं लागतं. सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा तुमच्या कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्सवाल्यांकडून फॉर्म नजरेखालून घालून घ्या, हे सगळं फुकट असतं.

केअरर्स अलाउन्सवर मला जास्त बोलायचंय. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळायचं आणि मिळायचे ८३.३० पाउंड (२०२५-२६ मध्ये), त्यावर टॅक्सही लागू शकतो. भागाकार केला तर तासाला अडीच पाउंड सुद्धा पडत नाहीत. रात्री दोनदा उठून कूस बदलून देणारी बाई या हिशोबात कुठे बसते मला कळत नाही. नोकरी करायची तर कमाई एका मर्यादेच्या आत ठेवावी लागते (२०२५-२६ मध्ये ती आठवड्याला १९६ पाउंड होती, त्याआधी १५१), आणि एक पाउंड जरी वर गेला तरी त्या आठवड्याचा सगळाच्या सगळा भत्ता जातो, थोडा कापला असं होत नाही. ओव्हरटाइमची एक शिफ्ट घेतली की गेला. २०२४ मध्ये वर्तमानपत्रांनी हे लावून धरलं की हजारो केअररना असे जास्तीचे पैसे वर्षानुवर्षं जात राहिले, भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याकडे कमाईची माहिती येत असूनही वेळेवर कोणी कळवलं नाही आणि नंतर एकदम हजारो पाउंडांची वसुली लावली, काहींवर तर केसेस झाल्या. त्यामुळे प्रत्येक पेस्लिप जपून ठेवा, पगार थोडा जरी बदलला तरी लगेच कळवा, आणि पेन्शनमध्ये भरलेल्या रकमेपैकी निम्मी कमाईतून वजा होते हे विसरू नका. चांगली बाजू एकच, प्रत्येक आठवड्याचं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मिळतं म्हणजे म्हातारपणीच्या स्टेट पेन्शनमध्ये खड्डा पडत नाही. ३५ तास होत नसतील पण २० होत असतील तर केअरर्स क्रेडिट बघा.

हा भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना मिळतच नव्हता, कारण त्या घरीच असतात असं धरलेलं. जॅकी ड्रेक नावाच्या बाईने नोकरी सोडून आईला सांभाळलं, तिला नाकारला, ती भांडत युरोपियन कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. मला हे कळलं तेव्हा माझ्या सासरच्या एका नातेवाईकाचं वाक्य आठवलं, "नवऱ्याचं करायचे पैसे घेतेस?" इतक्या वर्षांनी तोच विचार आहे बघा.

लोकांचं बोलणं हा या सर्व्हिसचा भाग नाही पण भोगावं लागतं ते याच्यामुळेच. मंडळाच्या दिवाळीला ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना) लावून गाडी दाराजवळ उभी केली, नवरा उतरून आत खुर्चीपर्यंत चालत गेला, आणि मागून एक काकू म्हणाल्या, अगं हा तर चांगला चालतोय की. त्या दहा-बारा पावलांसाठी तो सकाळपासून पडून होता, आणि पुढचे दोन दिवस उठला नाही, ते काकूंना दिसणार कुठून. जुन्या डीएलएच्या वेळी किती चालता येतं याला ५० मीटरचा निकष होता, पिपमध्ये वाढीव मोबिलिटीसाठी तो कमी करून २० मीटर केला, पण दारापासून खुर्चीपर्यंत चालला म्हणजे धडधाकट असं तो कडक नियमही धरत नाही. आणि फुकट गाड्या मिळतात हे जे फॉरवर्ड फिरतात ना, मोटॅबिलिटी नावाच्या योजनेतल्या गाडीसाठी तोच वाढीव मोबिलिटीचा पैसा आठवड्याला वळता होतो, गाडी भाड्याची असते, मोठी हवी असेल तर पदरचे पैसे आधी भरावे लागतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने पिपचे नियम कडक करायचा प्रस्ताव आणला तेव्हा टीव्हीवर रोज असंच बोललं जायचं, आणि आमच्या घरात रिमोट कोणाच्या हातात आहे यावर लक्ष ठेवावं लागायचं. जुलैमध्ये स्वतःच्याच खासदारांच्या विरोधामुळे तो भाग मागे घेतला, पण त्या काही महिन्यांत नवऱ्याने काठी घेऊन बाहेर जाणंच बंद केलं होतं, लोक बघतात म्हणून.

व्हिसाचं नीट वाचा. तुमच्या व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत अशी अट) असेल तर पिप आणि केअरर्स अलाउन्स दोन्हीला हात लावू नका, पुढे इमिग्रेशनला त्रास होतो, आधी इमिग्रेशनच्या माहितगार सल्लागाराला विचारा. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) किंवा इथला पासपोर्ट मिळाला असेल तर साधारण गेल्या तीन वर्षांतली दोन वर्षं इथे राहिलेलं लागतं. स्कॉटलंडमध्ये पिपऐवजी अॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आणि केअरर्स अलाउन्सऐवजी केअरर सपोर्ट पेमेंट आहे, ते वेगळ्या खात्याकडे. इथे स्थायिक झालेले आईवडील स्टेट पेन्शनच्या वयाचे असतील तर त्यांना अटेंडन्स अलाउन्स बघा, त्यात मोबिलिटीचा भाग नाही पण बरेच जण पात्र असून अर्ज करत नाहीत.

आणि फोन आजच करा. पिपचा क्लेम सुरू केला की त्या तारखेपासून पैसे मोजतात, फॉर्म वेळेत परत गेला म्हणजे झालं. सगळी कागदपत्रं जमली की मग करू म्हणून थांबलात तर तेवढे आठवडे हातचे जातात, डॉक्टरची पत्रं मागाहून पाठवली तरी चालतात.