फेसच्या मदिनेत ‘रस्ता बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर

तर तो रस्ता उघडा असतो. मोरोक्कोतल्या फेसच्या मदिनेत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, जाणाऱ्यांनी एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. आम्हाला ते ७,५८० दिरहमना पडलं.

हिशेब आधी, कारण नंतर राग येतो आणि आकडे राहून जातात. चामडं कमावायचे हौद बघायला गच्चीवर चढण्याची ‘प्रवेश फी’ माणशी ४० प्रमाणे दोघांचे ८०. वाटाड्याने ५०० मागितले, हुज्जत घालून ३०० वर मिटलं. दोन ‘कॅक्टस सिल्क’ गालिचे ७,२००. त्या दिवशी दिरहम सुमारे ९ रुपयांना होता, म्हणजे गालिच्यांचे ६४,८०० व्हायला हवे होते. कार्डावर ६८,६८८ लागले. त्यावर परदेशात रुपयात झालेल्या व्यवहाराचं बँकेचं शुल्क ६८७ आणि त्याच्यावरचा जीएसटी १२४. एकूण ६९,४९९. ही वरची भर कुठून आली ते पुढे सांगतो.

पद्धत जुनीच आहे, सगळ्यांना ऐकून माहीत असते. बाब बूजलूदच्या कमानीतून (बाहेरून निळी, आतून हिरवी, १९१३ची) आत शिरलं की दोन मुख्य गल्ल्या फुटतात, तला कबीरा आणि तला सघीरा. दोन्ही उतरत उतरत अल-करावीयीन मशिदीच्या बाजूला जातात. कमानीपाशीच एक पोरगा भेटतो. ‘इंडिया? शाहरुख खान!’ मोरोक्कोत हिंदी सिनेमाचं प्रेम खरंच आहे, त्यामुळे या सलामीवर संशय घ्यावा असं काही नसतं. मग तो म्हणतो, पुढे बंद आहे, दुरुस्ती चालू आहे, हौदांकडे इकडून जा, आज डोंगरातले बर्बर (तिथल्या मूळ रहिवाशांची जमात) लोक बाजाराला आलेत, फक्त आजच. आज कुठलाही वार असो, बर्बर लोक आजच आलेले असतात.

आता ती जागा, जिच्याबद्दल अजून चडफडाट होतो. तो ‘बंद आहे’ म्हणत होता आणि त्याच गल्लीतून पाठीवर गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर बाहेर आलं. हाकणारा ‘बालाक, बालाक’ ओरडत होता, बाजूला व्हा म्हणून. आम्ही भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. बंद रस्त्यातून भरल्या पाठीचं खेचर कसं येतं? त्याच्या मागोमाग पाव घेऊन एक बाईसुद्धा आली. इतका ढळढळीत पुरावा समोरून चालत गेला आणि पोरग्याने तेवढ्यात, पलीकडे बंद आहे, खेचरं मधूनच वळतात, असं उत्तर तयार ठेवलं होतं.

‘एवढंही कळलं नाही?’ म्हणणाऱ्यांनी आधी तिथे उभं राहून बघावं. फेस अल-बालीत, म्हणजे या जुन्या शहरात, ९,००० च्या वर गल्ल्या आहेत असं सांगतात. काही इतक्या अरुंद की दोन माणसं शेजारून जात नाहीत, दोन्हीकडे उंच भिंती, फोनवरचा निळा ठिपका कुठल्याही छपरावर जाऊन बसतो. जुन्या भिंती पडू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी लाकडी टेकू लावलेले असतात, तिथे दुरुस्ती चालू आहे हे कोणालाही पटेल. शुक्रवारी बरीच दुकानं खरोखर बंद असतात. या थापेचं कसब तेच आहे, ती नेहमी एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकून उभी असते.

वाट चुकलात तर कोणालाही विचारू नका, उतार बघा. शहर खोलगट आहे. खाली खाली गेलात की र्सिफ चौक लागतो, तिथे लाल रंगाच्या छोट्या टॅक्स्या मिळतात. चढ धरलात की बूजलूद. विचारायचंच असेल तर दुकानात बसलेल्या माणसाला विचारा, आपणहून जवळ आलेल्याला नाही.

शुआराच्या हौदांना तिकीट नाही. आजूबाजूच्या गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या आहेत, ग्राहक वर यावा म्हणून त्या उघड्या असतात. वासासाठी पुदिन्याची काडी देतात ती फुकट. चुना आणि कबुतराची विष्ठा घातलेले पांढरे हौद, मग रंगाचे हौद, हे सगळं सांगणाऱ्याला खुशीने १०-२० दिरहम द्यावेत, बस. ४० ची फी म्हणजे साखळीतल्या दुसऱ्या माणसाचा वाटा. पोरगा गल्लीच्या तोंडाशी सोडतो, तिथून ‘मोठा भाऊ’ घेतो, तो गच्चीवाल्याकडे देतो, गच्चीवाला गालिच्यांच्या दुकानात. एकही माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर नसतो. नंतर तक्रार करायला गेलात की तक्रार नक्की कोणाविरुद्ध, हाच प्रश्न पहिला येतो.

दुकान ‘महिलांची सहकारी संस्था’ होतं. भाव सरकारने ठरवलेले, म्हणे. महाराष्ट्रातल्या माणसाला सहकारी संस्थांचा इतका अनुभव असतो, तरी परदेशात पाटी दिसली की बरं वाटतं. पुदिन्याचा चहा आला, गालिचे उलगडले जाऊ लागले. १६,००० पासून सुरू झालेला भाव ७,२०० वर आला. घासाघीस ठीक होती. खोट भावात नव्हती, मालात होती.

‘कॅक्टस सिल्क’, तिकडे साबरा म्हणतात. घायपाताच्या जातीच्या झाडाचा धागा असं सांगतात. विकणारा लायटर पेटवून धागा जाळून दाखवतो: बघा, वितळत नाही, प्लास्टिक नाही! बरोबर, प्लास्टिक नाही. बाजारात साबरा म्हणून मिळणारा बहुतेक माल व्हिस्कोस असतो, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेला रेयॉन. तो वितळत नाहीच, कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. त्या लायटरने पॉलिएस्टर नाही एवढंच सिद्ध होतं. लोकर किंवा खरं रेशीम जळलं तर केस जळल्याचा वास येतो, तो इथे येत नाही. घायपाताचा दोर आपल्याकडे कोणी हातात धरला नसेल? तो राठ, टोचणारा असतो. त्याच्यापासून असा गुळगुळीत, लखलखीत, सलग धागा निघतो हे पटण्यासारखंच नाही. खात्री करायची तर एक धागा ओला करून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की निम्म्याच्या आसपास ताकद घालवून बसतं, पटकन तुटतं. घायपात तसं करत नाही. विकणारा पाणी आणू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

व्हिस्कोसचे गालिचे वाईट असतात असं नाही. व्हिस्कोस म्हणून, व्हिस्कोसच्या भावाने घ्यावेत.

आणि कार्डाचं मशीन. रक्कम टाकली की पडद्यावर विचारतात, दिरहम की रुपये? विकणाऱ्याने मशीन स्वतःकडेच ठेवून रुपयांचं बटण दाबलं आणि पिन टाकायला पुढे केलं. रुपये निवडले की दर मशीनवाले लावतात, इथे साधारण सहा टक्के चढा होता, आणि व्यवहार परदेशातला म्हणून बँक शुल्क घेतेच. मशीन हातात घ्या, दिरहम निवडा, रक्कम वाचा, मगच पिन. किंवा रोखीने द्या. मोरोक्कोत सगळ्यात मोठी नोट २०० दिरहमची आहे, मोजायला वेळ लागतो, तेवढ्यात डोकं थोडं ठिकाणावर येतं.

बाहेर पडलो तर ‘मोठा भाऊ’ दारात, ५०० मागत. वाटेत फुकट, मैत्रीखातर असं चारदा म्हणाला होता.

आता पोलीस. मोरोक्कोत २०१२ च्या ०५-१२ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय वाटाड्याचं काम करता येत नाही, अधिकृत वाटाड्याकडे ओळखपत्र असतं. कायदा इतका स्पष्ट, म्हणून चौकीवर गेलो. पहिल्या माणसाने दुसऱ्या खोलीत पाठवलं, दुसऱ्याने उद्या या आणि फ्रेंच बोलणारं कोणी घेऊन या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर असं की वाटाड्याचं नाव नाही, फोटो नाही, मग कोणाला शोधायचं? दुकानाचं नाव आहे, पण त्यांनी बिल दिलंय, खरेदी मर्जीने झाली, हा व्यापारी वाद. बिलावर काय लिहिलंय? ‘तापी’, गालिचा. धागा कुठला ते नाहीच. लेखी नोंद, जिला तिथे प्रोसे-व्हर्बाल म्हणतात, द्या म्हटलं तर गुन्हाच नाही तर नोंद कसली! शहरात दर कोपऱ्यावर हाच धंदा चालतो, रोज, तोच पोरगा त्याच कमानीपाशी, आणि यांना नाव हवं! त्यांच्याच चौकीपासून चालत पाच मिनिटांवर.

परत येऊन बँक. पिन टाकलात म्हणजे संमती होती, हे पहिलं उत्तर, दुसरं आणि तिसरंही, फक्त बोलणाऱ्यांची नावं वेगळी. संमती दिली ती साबऱ्याला, रेयॉनला नाही, हे कोणाला सांगायचं? वर्णनाप्रमाणे माल नाही या कारणावरून कार्डाचा व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते, साधारण १२० दिवसांच्या आत. पण त्यासाठी दुकानाला लेखी कळवून परत घ्या म्हटल्याचा पुरावा लागतो आणि माल वर्णनाप्रमाणे नाही हे दाखवावं लागतं. हे बँकेच्या फोनवर कोणी आपणहून सांगत नाही. पाचव्या फोनला कळलं.

म्हणून बिलावर धाग्याचं नाव, मापं आणि दुकानाचा पत्ता फ्रेंचमध्ये लिहून घ्या, शिक्क्यासकट. साबरा म्हणत असेल तर ‘व्हिस्कोस नाही’ असंही लिहायला सांगा. गालिचा गुंडाळायच्या आधी मागच्या बाजूला पेनाने सही करून फोटो काढा, कारण बांधताना माल बदलला जातो. लिहून देत नसेल तर चहाचे आभार मानून उठा. दार अडवलं तर १९ नंबर, शहरातल्या पोलिसांचा.