मधुमेहातील स्वकाळजी मोजताना: सात दिवसांची प्रश्नावली की आठ आठवड्यांची?

मधुमेही रुग्ण स्वतःची काळजी कशी घेतात हे मोजायचे ठरवले, की प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे किंवा बाह्यरुग्ण विभाग सांभाळणाऱ्या डॉक्टरांपुढे बहुधा दोन प्रश्नावल्या येतात. एक ‘समरी ऑफ डायबेटीस सेल्फ-केअर ॲक्टिव्हिटीज’, म्हणजेच एसडीएससीए. तिची सुधारित आवृत्ती डेबोरा टूबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केली. दुसरी ‘डायबेटीस सेल्फ-मॅनेजमेंट क्वेश्चनेअर’, म्हणजेच डीएसएमक्यू. ती जर्मनीत आंद्रेआस श्मिट आणि सहकाऱ्यांनी तयार केली व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

पहिलीत ११ मूळ प्रश्न आहेत आणि धूम्रपान वगळता प्रत्येक प्रश्न गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस ती गोष्ट केली, असा आहे. दुसरीत १६ विधाने असून गेल्या आठ आठवड्यांचा विचार करून ते विधान आपल्याला कितपत लागू पडते, हे चार पायऱ्यांवर सांगायचे असते.

हा कालावधीचा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण आपल्याकडे तो निर्णायक ठरू शकतो. आषाढी एकादशीनंतर दोन दिवसांनी किंवा गणपतीच्या दिवसांत आलेल्या रुग्णाला गेल्या सात दिवसांतील आहार विचारला, तर साबुदाण्याची खिचडी आणि मोदक यांचाच हिशेब हाती येतो. एरवी नेमाने वागणाऱ्या माणसाचे गुण त्यामुळे अकारण घसरतात. आठ आठवड्यांत अशी चढउतार बरीचशी सामावली जाते आणि हा काळ एचबीएवनसी या रक्तातील सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीच्या दोन ते तीन महिन्यांच्या काळाशीही बऱ्यापैकी जुळतो. मूळ अभ्यासात डीएसएमक्यूचा एचबीएवनसीशी संबंध एसडीएससीएपेक्षा अधिक ठळक आढळला. मात्र ती तुलना डीएसएमक्यूच्या कर्त्यांनीच केलेली होती, हे ध्यानात ठेवावे.

असे असूनही समोर बसलेल्या रुग्णाशी बोलण्यासाठी मी एसडीएससीएच हाती घेईन. याचे मुख्य कारण पाय. रोज तळपाय पाहिले का आणि पादत्राणे आतून तपासली का, हे दोन प्रश्न तिच्यात आहेत. डीएसएमक्यूच्या १६ विधानांत पायांचा उल्लेखच नाही. शेतात किंवा देवळात अनवाणी चालणाऱ्या आणि पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते, कारण वेळीच न दिसलेली जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. दुसरे कारण भाषेचे आहे. डीएसएमक्यूची नऊ विधाने उलट अर्थाची आहेत. ‘मी साखर पुरेशा वेळा तपासत नाही’ हे विधान वाचून दाखवले, की ‘नाही’ म्हणणारा रुग्ण विधान नाकारतो आहे की त्याला दुजोरा देतो आहे, हे विचारणाऱ्यालाच कळत नाही. ‘आठवड्यातून किती दिवस?’ या प्रश्नाला मात्र आकडाच येतो, आणि निरक्षर आजींनाही तो बोटांवर मोजून सांगता येतो.

एसडीएससीएतही त्रुटी आहेतच. गोळ्यांविषयीचा प्रश्न ११ मूळ प्रश्नांत नाही. तो पुरवणी प्रश्नांतून आवर्जून घ्यावा लागतो. आहाराच्या एका प्रश्नात लाल मांस आणि सायीच्या दुधाचे पदार्थ एकत्र येतात, तर भात, भाकरी, चहातली साखर यांविषयी थेट काहीच विचारले जात नाही. शिवाय सर्व प्रश्नांची बेरीज करून एकच गुणांक काढण्याची सोय नसल्याने आहार, व्यायाम, तपासणी आणि पाय यांचे आकडे वेगवेगळेच मांडावे लागतात. डीएसएमक्यूमध्ये एकत्रित गुण मिळतात. ज्याला घरी साखर तपासायला सांगितलेलेच नाही, त्याला तसे नोंदवण्याची मुभा आहे, आणि डॉक्टरांची भेट टाळण्याविषयीही विचारणा आहे. मोठ्या संख्येच्या, स्वतः वाचून लिहू शकणाऱ्या रुग्णांच्या संशोधनासाठी म्हणूनच ती अधिक योग्य ठरते.

नुसत्या एचबीएवनसीवर भागवावे का, असेही विचारले जाते. तो आकडा परिणाम दाखवतो, वागणूक दाखवत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तो फसवा वाढलेलाही दिसू शकतो, आणि असा रक्तक्षय आपल्याकडील स्त्रियांमध्ये सर्रास आढळतो. प्रश्नावली कोणतीही घेतली, तरी सांगितलेली तपासणी खरोखर झाली का, हे पाहण्यासाठी रुग्णाला ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजण्याचे यंत्र, सोबत आणायला सांगावे आणि त्याने वहीत लिहिलेले आकडे यंत्राच्या मेमरीतील नोंदींशी ताडून पाहावेत.