गॉस, टेस्ला की अँपियर प्रति मीटर? जॉब कार्डावर कुठलं एकक ठेवावं

रबाळे-महापेच्या एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चुंबकाचं काम करणाऱ्या युनिटकडे तीन प्रकारचे कागद येतात. सप्लायरचं कोटेशन गॉसमध्ये, परदेशी गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग मिलिटेस्लात आणि एअर कार्गोची मर्यादा अँपियर प्रति मीटरमध्ये. क्षेत्र मोजणारा मीटर (गॉसमीटर) मात्र एकच. तो कशावर लावून ठेवायचा? आमचं मत आधीच सांगतो: मिलिटेस्लावर ठेवा, शेजारी कंसात गॉस लिहा आणि अँपियर प्रति मीटर जो कागद मागेल त्यालाच द्या.

गॉस आणि टेस्ला

या दोघांत भांडण फक्त शून्यांचं आहे. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस, १ मिलिटेस्ला म्हणजे १० गॉस, १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस. दोन्ही एकाच राशीची, म्हणजे फ्लक्स घनतेची (बी, त्या जागी असलेलं एकूण चुंबकीय क्षेत्र) मापं. त्यामुळे इथे चूक झाली तर ती दशांश चिन्हाचीच होते, आणि ती दहापट किंवा हजारपट असल्यामुळे लगेच डोळ्यात भरते.

गॉसची बाजू बाजाराची. प्लास्टिकच्या दाण्यांतून लोखंडाचे कण काढणारा मॅग्नेट बार 'दहा हजार गॉस' म्हणूनच विकला जातो. डीमॅग करणारा (जॉबमधलं उरलेलं चुंबकत्व काढणारा) ऑपरेटरही '३ गॉसच्या आत आला' असंच म्हणतो, ०.३ मिलिटेस्ला त्याच्या तोंडी बसत नाही. टेस्लाची बाजू कागदाची. १९६० पासून ते एसआय एकक आहे आणि निर्यातीच्या ड्रॉइंगवर तेच येतं. म्हणून दोन्ही लिहा, पण टॉलरन्स (चालणारा फरक) एकातच द्या. दोन्हींत दिला की राउंडिंगच्या फरकावरून माल परत येतो.

अँपियर प्रति मीटर आणि ओरस्टेड

खरी गफलत इथे होते. ही दोन्ही क्षेत्र तीव्रतेची (एच, पदार्थाला चुंबकित करणारा जोर) मापं, म्हणजे राशीच वेगळी. पूर्वी दोन्ही राशींना गॉसच वापरत. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने बी साठी गॉस आणि एच साठी ओरस्टेड अशी वाटणी केली. १ ओरस्टेड म्हणजे ७९.५८ अँपियर प्रति मीटर, हे कुठेही खरं. १ गॉस म्हणजे १ ओरस्टेड हे मात्र फक्त हवेत (काटेकोर बोलायचं तर निर्वातात) चालतं. लोखंडाच्या किंवा चुंबकाच्या आत नाही.

एन-४२ ग्रेडचं निओडायमियम घ्या. त्याचं रेमनन्स (चुंबकित केल्यावर आत उरणारी फ्लक्स घनता) साधारण १.३ टेस्ला, म्हणजे १३,००० गॉस. कोणी या आकड्याला ७९.५८ ने गुणलं तर १,०३४ किलोअँपियर प्रति मीटर येतं. त्याच ग्रेडची अंगभूत कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व घालवायला लागणारं उलटं क्षेत्र) किमान ९५५ किलोअँपियर प्रति मीटर, म्हणजे १२ किलोओरस्टेड असते. दोन आकडे इतके जवळ की चुकीचा आकडा कोअर्सिव्हिटीच्या रकान्यात सहज खपून जातो, आणि तपासणाऱ्याला शंकाही येत नाही. रेमनन्स टेस्लातच राहू द्या. (एन-४२ मधले ४२ हे कमाल ऊर्जा-गुणाकाराचे, म्हणजे चुंबकाच्या ताकदीच्या मापाचे, मेगागॉस-ओरस्टेड. त्याला ७.९६ ने गुणलं की किलोज्यूल प्रति घनमीटर मिळतात, साधारण ३३४.)

पृष्ठभागावरचं रीडिंग

'१३,००० गॉसचं चुंबक मागवलं, मीटर २,९०० दाखवतो' ही तक्रार एककाची नाही. २० मिमी व्यासाची, ५ मिमी जाडीची एन-४२ चकती घेतली तर हिशोबाने मध्यभागी पृष्ठभागावर सुमारे २९० मिलिटेस्ला येतात. १ मिमी वर २७०, ५ मिमी वर १६९. हॉल प्रोबमधला (मीटरच्या मोजणाऱ्या टोकातला) संवेदक प्रोबच्या जाडीत आत बसलेला असतो, त्यामुळे प्रोब टेकवला तरी अंतर शून्य नसतंच. प्रोब तिरका धरला तर रीडिंग आणखी उतरतं. म्हणून कार्डावर नुसतं एकक पुरत नाही. 'मध्यभागी, प्रोब टेकवून, डीसी, २९० मिलिटेस्ला (२,९०० गॉस)' एवढं लिहा आणि प्रोबचा नंबरही टाका.

मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टिंग

या तपासणीत जॉब चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकतात, भेग असेल तिथे ती जमते. इथे अँपियर प्रति मीटर बऱ्याचदा लागतं. स्पर्शरेषीय (पृष्ठभागाला समांतर) क्षेत्र जॉबच्या बाहेर, हवेत मोजतात, त्यामुळे रूपांतर निर्धास्त करा. अमेरिकी वळणाच्या प्रोसीजरमध्ये ३० ते ६० गॉस असतं, म्हणजे २.४ ते ४.८ किलोअँपियर प्रति मीटर. युरोपीय वळणाच्या प्रोसीजरमध्ये किमान २ किलोअँपियर प्रति मीटर, पण आरएमएस (बदलत्या क्षेत्राचं परिणामी मूल्य, शिखरमूल्यापेक्षा कमी). हवेत ते २.५ मिलिटेस्ला, म्हणजे २५ गॉस आरएमएस, आणि शिखरमूल्य सुमारे ३५.५ गॉस. मीटर पीक मोडवर असेल आणि मर्यादा आरएमएसमध्ये असेल, तर १.४१ पटीच्या फरकाने कमी क्षेत्रातला जॉब पास होतो. एकक बरोबर, निकाल चूक.

विमानाचा माल

सहार विमानतळाच्या कार्गोला चुंबक पाठवताना मर्यादा अशा: पॅकेजपासून २.१ मीटरवर ०.१५९ अँपियर प्रति मीटर ओलांडलं नाही तर चुंबकीय माल म्हणून निर्बंध नाहीत. ४.६ मीटरवर ०.४१८ च्या वर गेलं तर माल घेतच नाहीत. हवेत याचे ०.००२ आणि ०.००५२५ गॉस होतात. रूपांतर मिनिटाचं, पण ०.१ गॉस लीस्ट काउंटचा हॉल मीटर इथे शोभेचा ठरतो. लागतो फ्लक्सगेट, म्हणजे अगदी क्षीण क्षेत्र मोजणारा मीटर. शिवाय पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४३ मायक्रोटेस्ला, म्हणजे ०.४३ गॉस, ०.००५२५ च्या मर्यादेच्याही ऐंशीपट. म्हणून आधी पॅकेजशिवाय रीडिंग घ्यायचं, मग प्रोब न हलवता पॅकेज ठेवून घ्यायचं आणि वजाबाकी करायची. लोखंडी रॅक, फोर्कलिफ्ट, शटर लांब ठेवा.

होकायंत्राने तपासायचा सोपा मार्ग नियमात आहे, ४.६ मीटरवर सुई २ अंशांपेक्षा जास्त वळता कामा नये. पण आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला, म्हणजे बराच जोरदार. ०.४१८ अँपियर प्रति मीटर म्हणजे ०.५२५ मायक्रोटेस्ला, तेवढ्याने इथली सुई जेमतेम ०.८ अंश वळते. २ अंशांपर्यंत थांबलात तर माल मर्यादेच्या अडीचपट असू शकतो. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेसारख्या ठिकाणी हेच क्षेत्र नॅनोटेस्लात मोजतात: ०.५२५ मायक्रोटेस्ला म्हणजे ५२५ नॅनोटेस्ला. फ्लक्सगेट भाड्याने घेताना त्याची रेंज नॅनोटेस्लात विचारा, गॉसमध्ये विचारलंत तर दुकानदार हॉल मीटर काढून ठेवेल.