परदेशी पाहुण्याला अर्धा दिवस नागपूर दाखवायचं: भाड्याची गाडी बरी की मेट्रो-ऑटो?

पाहुणा बाहेरच्या देशातला, हातात सकाळी आठ-साडेआठ ते दुपारी एक एवढाच वेळ, आणि तुम्ही विचार करून राहिले की ड्रायव्हरसकट एसी गाडी सांगावी का मेट्रोनं फिरवावं. मी दोन्ही प्रकारे पाहुणे फिरवले आहेत म्हणून माझ्यापुरतं सांगतो. ठिकाणं तीच धरतो: झिरो माइल, अजब बंगला म्हणजे इथलं म्युझियम, दीक्षाभूमी आणि जमलं तर महाल, म्हणजे जुन्या शहराचा भाग. रामटेक नं सेवाग्राम अर्ध्या दिवसात घुसवू नका, सगळा वेळ रस्त्यातच जातो.

आधी गाडीची बाजू. एप्रिल-मे असेल तर मी वाद घालणारच नाही, ऊन ४५ डिग्रीच्या घरात जाते तेव्हा थंड देशातल्या माणसाला पायी फिरवणं म्हणजे त्याला आजारी पाडणं. पाहुणा वयस्कर असेल, गुडघे दुखत असतील किंवा विमानतळावरून सामानासकट थेट निघायचं असेल तरी गाडीच. आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस, म्हणजे तिथलं बौद्ध मंदिर, पाहायचं असेल तर गाडीला पर्याय नाही, कारण मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकात संपते नं कामठी तिथून बरीच पुढं. जपान किंवा थायलंडकडचे पाहुणे असले की त्यांना तिथं नेलंच पाहिजे असं मला तरी वाटते.

एवढं असूनही गाडीवरून माझं मन उडालं ते एकाच गोष्टीनं, ड्रायव्हरचा फोन.

दीक्षाभूमीचा स्तूप बाहेरून सांचीसारखा दिसतो, त्यामुळे पाहुणा तो भरीवच समजतो. आत पाऊल टाकलं की वरती अख्खा घुमट मोकळा, मधोमध बाबासाहेबांचा अस्थिकलश, आणि माणूस आपोआप गप्प होतो. माझे पाहुणे तसेच उभे होते, मी हळू आवाजात सांगत होतो की १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथंच बौद्ध धम्म स्वीकारला, आणि खिशात फोन थरथरायला लागला. "भाऊ, इथं गाडी लावू देऊन नाही राहिले, पुढं घेऊन जातो." बरं म्हटलं. थोड्या वेळानं परत, "भाऊ, अजून किती वेळ?" त्याचंही चूक नाही म्हणा, चार तास चाळीस किलोमीटरचं पॅकेज, त्याला पुढचं भाडं असते. पण पाहुण्याला भाषा कळत नसली तरी चेहरा कळतो. बाहेर बोधिवृक्षाखाली थोडं बसायचं त्यांच्या मनात होतं, ते म्हणाले राहू द्या, निघू. तिथं बसायला मिळावं म्हणूनच तर माणूस इतक्या लांबून येतो. महालात तर याहून कठीण, गांधी गेटच्या आतल्या गल्ल्यांत गाडी थांबवायलाच जागा नाही, मग तुम्ही भोसल्यांचा वाडा दाखवता का गाडी शोधता, दोन्ही एकदम होत नाही.

आणखी एक म्हणजे तुम्ही पुढं बसता, पाहुणा मागं, तुम्ही मान वळवून "ते पाहा" म्हणेपर्यंत ते मागं गेलेलं असते. त्यात ड्रायव्हरनं उड्डाणपूल धरला की शहर खालीच राहते.

मेट्रोत हा फोनच नाही, निघायची वेळ तुमची. सुरुवात कस्तुरचंद पार्कपासून करा, तिथं सकाळी तर्री पोहे मिळतात, तर्री वाटीत वेगळी मागा, पाहुण्याला चव पाहून हवी तेवढी घेऊ द्या. पुढचंच स्टेशन झिरो माइल. चार घोडे, बाजूचा खांब आणि त्यावर कोरलेली गावांची नावं नं अंतरं, जवळ जाऊन हात लावून पाहायची गोष्ट आहे ही, काचेतून नाही. हा देशाचा अगदी मधला बिंदू म्हणून ठासून सांगू नका, पाहुणा लगेच फोनवर नकाशा काढतो. त्यापेक्षा ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा दगड दाखवा आणि अख्ख्या देशाची मोजणी कशी झाली ते सांगा, ती गोष्ट जास्त रंगते. जवळच १९९४ च्या गोवारी शहिदांचं स्मारक आहे, पाहुणा विचारणार, तेव्हा गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली ते नीट सांगा.

तिथून अजब बंगला जवळच, १८६३ चं म्युझियम. परत मेट्रोत बसलात की सीताबर्डी किल्ल्याच्या टेकडीबद्दल बोलायला बरं पडते, १८१७ ची इंग्रज-भोसल्यांची लढाई इथंच झाली. आत जाता येत नाही, लष्कराकडे आहे, २६ जानेवारी-१५ ऑगस्टसारखे मोजकेच दिवस उघडतात. मग राहाटे कॉलनीला उतरून ऑटोनं दीक्षाभूमी, भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा. आणि तिथं पाहिजे तेवढं बसा.

वेळ उरला तर सीताबर्डीला मेट्रो बदलून चितार ओळी, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. गणपतीच्या आधीच्या दिवसांत गेलात तर मूर्तिकारांची कामं चाललेली दिसतात, माझ्या एका पाहुणीनं तिथं मूर्तीचे डोळे रंगवताना पाहिले आणि महालातला वाडा नाही पाहिला तरी चालेल म्हणाली. स्टेशनांवर स्वच्छ टॉयलेट मिळते हेही बाहेरच्या माणसासाठी लहान सोय नाही.

मेट्रोत चालणं जास्त होते हे खरं, ऑटोवाल्याशी घासाघीस होते, पावसात त्रास होतो. तुमच्या पाहुण्याला हे झेपणार नसेल तर माझं ऐकू नका. पण धडधाकट माणूस असेल नं ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दिवस असतील तर मी मेट्रोच म्हणीन. गाडी घेणारच असाल तर पॅकेज घेऊ नका, नुसतं सोडायला सांगा, दीक्षाभूमीला उतरा, पैसे द्या, गाडी मोकळी करा, परतीला दुसरी बोलवा. आणि सोमवार टाळता आला तर टाळा, अजब बंगला बंद असतो. नाहीच टळला तर तो वेळ सरळ महालाला द्या.