डाफ्ट पंकची 'रँडम ॲक्सेस मेमरीज': मशीनवाल्यांनी वादक बोलावले

आधीच सांगतो, हा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका प्लीज. सगळी मजा बेस आणि ड्रम्समध्ये आहे, लोकलमध्ये साधे इयरफोन लावून ऐकलात तर दादर ते ठाणे फक्त गाणाऱ्याचा आवाज आणि 'पुढील स्टेशन' एवढंच कानावर पडणार.

डाफ्ट पंक म्हणजे हेल्मेट घालणारी दोघा फ्रेंचांची इलेक्ट्रॉनिक संगीताची जोडी, २०२१मध्ये फुटली. १९९७चा पहिला अल्बम घरातच ड्रम मशीन आणि सॅम्पलरवर (जुन्या रेकॉर्डमधले तुकडे, म्हणजे सॅम्पल, उचलून वाजवणारं यंत्र) बनवलेला, आणि २०१३मध्ये त्याच लोकांनी सॅम्पलर जवळपास बाजूला ठेवून स्टुडिओत खरे वादक बसवले. गिटारला नाईल रॉजर्स, बेसला नेथन ईस्ट, ड्रम्सला ओमर हकीम आणि जॉन रॉबिन्सन. अख्ख्या अल्बममध्ये सॅम्पल एकच, तेही अगदी शेवटच्या ट्रॅकमध्ये. आपल्याकडे नेमकं उलटं झालं, मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांसाठी आख्खा ऑर्केस्ट्रा बसायचा, मग कीबोर्ड आणि रिदम मशीन आले आणि व्हायोलिनवाल्यांपासून ढोलकवाल्यांपर्यंत एकेकाचं काम कमी होत गेलं. म्हणून मला हा अल्बम जरा जास्तच लागतो बहुतेक.

डिस्कोच्या जमान्यातला नामांकित संगीतकार जॉर्जिओ मोरोडर, त्याच्यावरचा ट्रॅक तर कहर आहे. नऊ मिनिटं, सुरुवातीला म्हातारा स्वतःची गोष्ट सांगतो, त्याच्यासाठी वेगवेगळ्या काळातले माईक वापरलेत (फरक कोणाला कळणार देव जाणे, पण हौस बघा), मग सिंथेसायझर, मग व्हायोलिन्स, आणि शेवटी हकीम असा काही सुटतो की बास! लय कुठे सैल नाही, तरी माणूस वाजवतोय हे कळतं.

'द गेम ऑफ लव्ह' आणि 'विदिन' मात्र मला कंटाळवाणी वाटतात. दोन्ही संथ, त्यात रोबोटसारखा आवाज रडका झालेला. 'गेट लकी'बद्दल काय बोलायचं, इतक्या लग्नांत आणि मॉल्समध्ये वाजलंय की आता ऐकूच येत नाही.

घ्यायचाच असेल तर डबल एलपी (दोन मोठ्या तबकड्यांची रेकॉर्ड) घ्या, महाग आहे पण प्रिंटिंग वगैरे मस्त. २०२३मध्ये ड्रम्स काढून टाकलेली 'ड्रमलेस' आवृत्ती पण आलीये, ती एकदा ऐका म्हणजे ड्रमर काय करत होते ते नीट कळेल, पण ऑनलाईनच ऐका, तिच्यावर वेगळे पैसे घालू नका.